प्रेरणेची वाट पाहणं आता बंद करा!

"डॉक्टर, कळतं हो सगळं, पण मोटिव्हेशनच येत नाही."

माझ्या ओपीडीत हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकू येतं. बोलणारा कधी बँकेतला अधिकारी असतो, कधी बाजार समितीतला अडत्या, कधी शाळेतले सर. टेबलावर रिपोर्ट असतो. उपाशीपोटीची शुगर १६०, बीपी वाढलेलं, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. मी म्हणतो, "चालायला लागा." त्यावर हे उत्तर येतं. जणू मोटिव्हेशन ही मेडिकलवर मिळणारी वस्तू आहे आणि सध्या तिचा स्टॉक संपला आहे!

आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. पंचवीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझं स्पष्ट मत झालं आहे की, प्रेरणेची वाट पाहत बसणं हेच व्यायाम न होण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. आणि ही वाट पाहायला तुम्हाला आम्ही डॉक्टरांनीच शिकवलं.

चूक आधी माझी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावातून एक बाई तपासायला यायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह, गुडघेदुखी. चार भेटींत मी त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली तेच लिहिलं, 'रोज ४५ मिनिटे चालणे'. चारही वेळा शुगर तशीच. पाचव्या वेळी मी वैतागून बोललो, "मावशी, तुम्हाला बरंच व्हायचं नाही का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमी चाला म्हनता, पन चालू कुठी? सकाळी नळ येते, पोराचा डबा असते. संध्याकाळी निघाली तं लोकं इचारते, घरी भांडन झालं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांना आळशी समजत होतो आणि त्या पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उभ्या होत्या. मी त्यांना 'काय करा' हे चार वेळा सांगितलं होतं. कुठे, केव्हा, कोणासोबत आणि घरातलं कोणतं काम तेवढ्या वेळापुरतं कोण करणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दरवर्षी त्या खामगाव ते शेगाव पायी जातात. गुडघे दुखत असतानाही!

वारीत कोणी मूड विचारत नाही

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी जाते. जायचंच अंतर सातशे किलोमीटरच्या पुढे. परतीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम खामगावला होतो आणि तिथून शेगावपर्यंतची साधारण सोळा-सतरा किलोमीटरची वाट माणसांनी फुलून जाते. त्या गर्दीत माझे कितीतरी पेशंट असतात. तेच, ज्यांना घरापासून चौकापर्यंत चालायला मोटिव्हेशन मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, ती श्रद्धा आहे, तिची व्यायामाशी तुलना कशाला?" श्रद्धा आहेच, आणि तिची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. पण त्या वाटेवर श्रद्धेच्या जोडीला आणखी काय असतं, ते नीट पाहा. तारीख ठरलेली असते. निघायची वेळ ठरलेली असते. रस्ता ठरलेला असतो. सोबत शेजारीण, नणंद, दिंडीतली माणसं असतात आणि "तू येणार ना?" असं विचारणारं कोणीतरी असतं. घरच्यांनी तो दिवस मोकळा सोडलेला असतो. पहाटे उठल्यावर 'आज मला जावंसं वाटतंय का?' हा प्रश्नच कोणी स्वतःला विचारत नाही.

म्हणजे पाय चालू शकतात, मनही तयार होतं. रोजच्या आयुष्यात मात्र चालण्याला ना वेळ ठरलेली असते, ना सोबत, ना घरच्यांनी दिलेली मोकळीक. तिथे सगळा भार एकट्या मनावर टाकलेला असतो. दिवसभर दमलेलं मन रोज नव्याने निर्णय घेईल आणि तोही पलंगावरून उठण्याचा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

याचा एक जुना आणि सुंदर पुरावा लंडनमधला आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये बरंच कमी निघालं. त्या कंडक्टरांना व्यायामाची प्रेरणा कोणी दिली होती? कोणीच नाही. तिकीट फाडायला वर जावंच लागत होतं, म्हणून ते जात होते. हृदयाला तुमचा हेतू कळत नाही, त्याला फक्त तुम्ही चाललात की नाही एवढंच कळतं.

आपल्या वऱ्हाडातही हे शहाणपण जुनं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ साली तिथल्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गावोगावच्या तालमीत पोरगं आलं नाही, तर वस्ताद दुसऱ्या दिवशी जाब विचारायचा. प्रेरणेचं काम तो जाब करायचा. आज नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाला हायवेवरून जाताना आपण गाडीतूनच हात जोडतो आणि गावातली तालीम मात्र ओस पडली आहे.

वर्षातून एकदा चालून का भागत नाही?

"मग मी दरवर्षी शेगावला पायी जातो की!" असं म्हणून काही जण सुटका करून घेतात. त्यांच्यासाठी थोडं शरीरशास्त्र.

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतात. चालून झाल्यावरही पुढचे २४ ते ४८ तास शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून मधुमेहींना आम्ही सांगतो की, व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. आषाढात चालून दिवाळीची शुगर ताब्यात राहत नाही. बीपीची गोळी महिन्याची एकदम घेतली तर चालेल का? तसंच हे आहे.

आणि नियमित चालण्याची ताकद किती? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारातला बदल आणि नियमित हालचाल यांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, तर मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे आपल्याच देशातल्या माणसांमध्ये चालणं आणि मोजून खाणं हे गोळीच्या बरोबरीने उभं राहिलं. तुम्ही गोळीसाठी कधी प्रेरणा शोधता का? जेवण झालं की गोळी, एवढं साधं असतं. चालणंही तसंच साधं करायचं आहे.

या चार गोष्टी डोक्यातून काढा

'एकवीस दिवस केलं की सवय लागते.' मोबाईलवर फिरणारा हा आकडा खोटा आहे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेच्या वर. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून 'माझ्यातच दम नाही' असं समजू नका. त्याच अभ्यासात असंही दिसलं की, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. चुकलेल्या दिवसाचं दुःख करत आठवडा घालवला की मात्र बिघडतं.

'दहा हजार पावलं झाली नाहीत तर उपयोग नाही.' हा आकडा डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातला तो आकडा आहे. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या महिलांवर झालेल्या अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. साडेसात हजारांनंतर फायदा आणखी वाढला नाही. थोडंसुद्धा फुकट जात नाही.

'वजन कमी करायचं म्हणून व्यायाम.' माझ्या अनुभवात सर्वांत लवकर मोडणारा निर्धार हाच. महिनाभर चालून काटा एक किलोही हलत नाही आणि माणूस बूट कपाटात ठेवून देतो. वजन मुख्यतः ताटावर ठरतं. व्यायामाने शुगर, बीपी, झोप, गुडघ्याची ताकद आणि मनाची उभारी सुधारते, काटा हलला नाही तरीही. महिन्याभराने काट्याऐवजी स्वतःला विचारा, जिना चढताना दम कमी लागतो का?

'भीती बसली की आपोआप चालाल.' आमच्या डॉक्टरी धंद्यातला हा आवडता गैरसमज. अँजिओप्लास्टी झालेला माणूस तीन महिने पहाटे फिरतो. चौथ्या महिन्यात बरं वाटायला लागतं, भीती पातळ होते आणि फिरणं थांबतं. भीतीने माणूस बूट घालतो, पण ते रोज घालण्यासाठी दुसरंच काही लागतं.

"आम्ही शेतात राबतो की!"

हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात आलाच पाहिजे. जी बाई दिवसभर कपाशी वेचते किंवा सोयाबीन निंदते, तिला मी 'रोज चाला' असं सांगणार नाही. तिला दुपारची विश्रांती, पोटभर जेवण आणि कंबरेसाठी दोन ताणाचे व्यायाम हवेत. तिला व्यायामाचं भाषण देणं ही थट्टा आहे.

पण मालक हो, तुमची गोष्ट वेगळी! घरून मोटारसायकलवर निघायचं, बांधावर उभं राहून मजुरांना हाका मारायच्या, नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरने आणि तण माराय़ला औषध. तुमच्या वडिलांनी ज्या शेतात घाम गाळला, त्याच शेतात तुम्ही जाऊन येता. शेत तेच आहे, कष्ट मात्र वेगळे झाले. आणि रब्बी निघाल्यापासून पेरणीपर्यंतचे महिने तर बरेचसे पारावर किंवा हॉटेलच्या बाकावरच जातात. 'शेतकरी' हा शब्द सातबाऱ्यावर असतो, पण इन्सुलिन सातबारा वाचत नाही.

घरातल्या बाईला वेळ कोण देणार?

२०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के. बायका पुरुषांपेक्षा जास्त आळशी आहेत असं म्हणायची तुमची हिंमत आहे? माझी नाही. त्यांच्याकडे स्वतःचा म्हणता येईल असा अर्धा तास नाही, एवढाच या आकड्यांचा अर्थ मला दिसतो.

घरकाम थकवतं, पण त्यातलं बरंचसं काम एका जागी उभं राहून किंवा वाकून होतं. त्याने पाठ दुखते, दम मात्र फारसा वाढत नाही. म्हणून दमलेल्या बाईलाही चालण्याची गरज असते आणि तिला ते सांगताना आपण तिचं एक काम कमी केलं पाहिजे. नवरोबा, पोरांनो, संध्याकाळी अर्धा तास कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा. सुनेने सासूसाठी आणि सासूने सुनेसाठी हे केलं तर आणखी उत्तम.

गावाचीही जबाबदारी आहे. शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ एक तास उघडं ठेवायला पैसा लागत नाही. त्या रस्त्यावर दोन दिवे लागले आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त झाला, तर माझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त बायका चालायला लागतील. ग्रामसभेत हा विषय मांडा. साडीवर बूट घातले म्हणून हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. शेगावच्या वाटेवर कोणी हसतं का?

मग नेमकं करायचं काय?

- वेळ जोडा, शोधू नका. 'जमेल तेव्हा' ही वेळ कॅलेंडरमध्ये नसते. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला चालणं बांधून टाका, मुलाला शाळेत सोडल्यावर किंवा संध्याकाळचा दिवा लावल्यावर. मधुमेहींना जेवणानंतरची १०-१५ मिनिटं विशेष फायद्याची.
- एक माणूस गाठा. असा माणूस की, तुम्ही गेला नाहीत तर तो चौकात उभा राहील. सोबतीची लाज ही फार गुणकारी गोष्ट आहे.
- सुरुवात हसू येईल इतकी छोटी ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. पोहोचायचं आहे ते आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तो अर्धा तास तुकड्यातुकड्यांत झाला तरी चालतो.
- वेग असा ठेवा की, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. वारीत आपण अभंग म्हणत चालतो, कारण ती चाल संथ असते. रोजची चाल त्याहून थोडी जलद हवी.
- आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीवर हात टेकून जोर. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात आणि म्हातारपणी परावलंबी व्हायचं की नाही, हे बऱ्याच अंशी मांड्यांची ताकद ठरवते.
- पर्यायी सोय आधीच ठरवा. पाऊस असेल तर घरातच जागच्या जागी चालणं. उन्हाळ्यात घाटाखाली सूर्य वर येण्याआधीच. हायवेच्या कडेने चालू नका. नाइलाज असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला.

सुरू करण्यापूर्वी

चालताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल किंवा आधीच हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, भोवळ जाणवली की लगेच खा. आणि मधुमेहात पाय बधिर झाले असतील तर कृपया अनवाणी चालू नका, शेगावच्या वाटेवरही नाही. डांबर तापलेलं कळत नाही, काचेचा तुकडा कळत नाही आणि पुढे बोट कापायची वेळ येते. हे मी सांगोवांगी लिहीत नाही, असे पाय मी पाहिले आहेत.

आता माझी गोष्ट

नऊ वर्षांपूर्वी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माझाच तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट ६.३ आला. मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. हजारो लोकांना 'चाला' म्हणणारा मी स्वतः दवाखान्यातून घरी गाडीने येत होतो. पहिले सहा महिने मीही प्रेरणा शोधली. बूट आणले, घड्याळ आणलं, व्हिडिओ पाहिले. काही झालं नाही.

मग आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "उद्यापासून साडेपाचला मी चौकात उभा आहे." सत्तरीतला माणूस माझ्यासाठी बुलडाण्याच्या थंडीत उभा राहणार आणि मी पांघरुणात पडून राहणार, हे मला जमलं नाही. आजही ते उभे असतात. खरं सांगतो, आजही बहुतेक सकाळी मला उठावंसं वाटत नाही. मी उठतो, कारण सर वाट पाहतात. उत्साह येतो तो पहिल्या वळणानंतर. आधी पाय निघतात, मन मागून येतं.

त्या मावशींचं काय झालं? त्या दिवशी मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुलाला बोलावलं. संध्याकाळचा अर्धा तास भाकरी सुनेने टाकायच्या असं ठरलं. शेजारच्या दोघींना त्यांनीच गोळा केलं. तिघी गावाबाहेरच्या मंदिरापर्यंत जाऊन येऊ लागल्या. देवदर्शनाला निघालेल्या बाईला 'भांडण झालं काय' असं कोणी विचारत नाही! त्यांच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण वाढवायची वेळही आली नाही. शुगर बरीच खाली आली आणि गुडघ्यांची तक्रार कमी झाली. पुढे एकदा मी विचारलं, "मावशी, आता आवड लागली का चालायची?" त्या म्हणाल्या, "आवड कायची जी, त्या दोघी दारात येऊन उभ्या रायतात!"

तेव्हा सोमवारची, एक तारखेची, नवीन बुटांची वाट पाहू नका. हा लेख वाचून झाला की फोन उचला आणि एका माणसाला विचारा, "उद्या किती वाजता निघायचं?" पुढच्या वेळी ओपीडीत आलात की मी तुमचं मोटिव्हेशन विचारणार नाही. मी एवढंच विचारणार आहे की, चौकात तुमची वाट कोण पाहतं?